एंजिनाचा उच्छ्वास आणि तेलाचा डबा



उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमध्ये, मुरबाड रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, माझा एक जुना विद्यार्थी मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात काम करतो. गेल्या पावसाळ्यात मी माझी गाडी दाखवायला गेलो, तेव्हा तो दुसऱ्याच एका गाडीच्या बॉनेटखाली वाकला होता. त्या गाडीच्या मालकाला वेगाची हौस. एंजिनावर टर्बो बसवलेला. एंजिनाच्या बाजूला तांब्याएवढा एक चकचकीत डबा होता व त्याला दोन रबरी नळ्या जोडलेल्या होत्या. विद्यार्थ्याने डब्याचे बूड फिरवून काढले आणि आतला ऐवज काचेच्या पेल्यात ओतला. अर्धा कप भरेल एवढे दुधाळ, तपकिरी पाणी! दिसायला थेट कटिंग चहा. वास मात्र पेट्रोलचा.

"सर, हजार किलोमीटरांत एवढं जमलं. ओळखा काय आहे," तो म्हणाला. मी ओळखले. पण त्याचा पुढचा प्रश्न ऐकून मी क्षणभर गप्प झालो. "आता हे ओतू कुठं? गटार आहे समोरच."

या डब्याला गॅरेजमध्ये 'ऑइल कॅच कॅन' म्हणतात. आपण त्याला तेलपकड डबा म्हणू. एंजिनात तेल असते ते खाली, मग या नळीत ते आले कोठून? त्यात पाणी कसे मिसळले? आणि त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काय? एकेक पाहू या.

दट्ट्याच्या कडेने निसटणारा वायू

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगीने पेटते आणि तापलेला वायू दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, खाली ढकलतो. या वेळी आतला दाब क्षणभर वातावरणाच्या ६० पटींपर्यंत सहज जातो. दट्ट्याचा व्यास ७५ मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर होते. एक वातावरण दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम भार. तेव्हा दट्ट्याच्या डोक्यावर सुमारे २६०० किलोग्रॅमचा, म्हणजे अडीच टनांहून अधिक भार येतो!

दट्टा सिलिंडरात अडकून बसू नये म्हणून दोहोंमध्ये थोडी फट ठेवावीच लागते. ती बुजवण्यासाठी दट्ट्याला धातूच्या कड्या (रिंगा) घालतात. पण कडी बसवता यावी आणि तापल्यावर तिला प्रसरणाला जागा मिळावी, म्हणून ती एका ठिकाणी कापलेली असते. एवढ्या प्रचंड दाबाखालचा वायू त्या बारीकशा फटीतून थोडाबहुत निसटणारच. या निसटलेल्या वायूला 'ब्लो-बाय' म्हणतात.

तो किती असेल? समजा, १२०० घनसेंटिमीटरचे एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत पूर्ण जोराने चालले आहे. चार फटक्यांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांना सिलिंडर एकदा भरतात. म्हणून ते मिनिटाला सुमारे १८०० लिटर हवा ओढते. त्यातला शेकडा एक भाग निसटला असे धरले, तरी मिनिटाला १८ लिटर झाला. एवढा वायू दट्ट्याखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, येत राहतो.

या पेटीच्या तळाशीच वंगणाचे तेल असते. वर भुजादंड (क्रँकशाफ्ट) भन्नाट वेगाने फिरत असतो व तेलाचे तुषार उडवत असतो. तेलाचा हलका भाग उष्णतेने वाफही होतो. पाण्याचे मूळ मात्र ज्वलनात आहे. पेट्रोलातील हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. रसायनशास्त्राच्या समीकरणावरून हिशेब केला, तर एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्याची बहुतेक वाफ धुराड्यातून निघून जाते. थोडी ब्लो-बायबरोबर पेटीत उतरते. अशा रीतीने पेटीत न जळलेले पेट्रोल, जळालेले वायू, पाण्याची वाफ आणि तेलाचे धुके यांची खिचडी शिजते.

कोंडलेला श्वास कोठे सोडायचा?

ही पेटी घट्ट बंद ठेवली, तर दाब वाढून तेल सीलमधून बाहेर ढकलले जाईल. म्हणून पेटीला उच्छ्वासाची वाट द्यावीच लागते. जुन्या मोटारींत ही वाट अगदी सोपी होती. पेटीतून एक नळी रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी पळू लागली की नळीच्या तोंडाशी हवेचा दाब कमी होई आणि आतला वायू ओढला जाई. वायू गेला हवेत, तेलाचे थेंब गेले रस्त्यावर, मालक मोकळा!

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरावर पसरणाऱ्या धुरकट धुक्याचा अभ्यास हागन-स्मिट या शास्त्रज्ञाने केला. मोटारींतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते, असे त्याने दाखवून दिले. मग लोकांचे लक्ष त्या निरुपद्रवी वाटणाऱ्या नळीकडे गेले. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनांचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या या नळीतून येत होता. उपाय असा निघाला, की हा वायू बाहेर सोडायचाच नाही. नळी वळवून एंजिनाच्या हवा ओढण्याच्या मार्गाला जोडायची आणि वाटेत प्रवाह आवरणारी एक झडप ठेवायची. म्हणजे एंजिनाने आपला उच्छ्वास आपणच गिळायचा व सिलिंडरात जाळून टाकायचा. कॅलिफोर्नियात १९६१ च्या आणि सर्व अमेरिकेत १९६३ च्या मोटारींपासून ही व्यवस्था आली.

आपल्याकडील भारत स्टेज नियमांतही पेट्रोल मोटारींच्या क्रँककेसमधून वायू हवेत सोडण्यास मुभा नाही. त्याची चाचणी पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला आवडेल अशी आहे. तेल मोजण्याच्या पट्टीच्या भोकाला तिरप्या नळीचा दाबमापक जोडतात आणि पेटीतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा जास्त नाही ना, हे पाहतात. (नळी तिरपी का? पाण्याची पातळी उभ्या दिशेत थोडी बदलली, तरी तिरप्या नळीत ते पाणी लांबवर सरकते.) शंका राहिलीच, तर त्या भोकाला सुमारे पाच लिटरची एक लवचीक पिशवी बांधून पाच मिनिटे एंजिन चालवतात. पिशवी फुगली नाही, तर गाडी उत्तीर्ण!

गिळलेल्या धुक्याचा त्रास

हवा स्वच्छ राहिली, पण तेलाचे धुके आता एंजिनाच्या पोटात जाऊ लागले. नित्याच्या गाडीत ते इतके थोडे असते, की सहज जळून जाते. शिवाय बहुतेक गाड्यांत कारखान्यातच एक छोटासा तेल-विलगक बसवलेला असतो. जोरकस एंजिनाची गोष्ट वेगळी. टर्बोमुळे सिलिंडरातला दाब वाढतो, म्हणून ब्लो-बाय वाढतो. फेरे वाढतात, म्हणून तुषार वाढतात. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत तेलाचा थर बसतो व तिची थंड करण्याची शक्ती घटते. पेट्रोलमिश्रणात तेल आले, की ते ठिणगीची वाट न पाहता अवेळी पेटू शकते आणि एंजिन ठोकू लागते.

आणखी एक अडचण नव्या पद्धतीच्या काही एंजिनांत येते. पूर्वी पेट्रोलचा फवारा आत येणाऱ्या हवेच्या झडपेवर पडे व ती आपोआप धुतली जाई. ज्या एंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात सोडले जाते, त्यांत झडपेला ही आंघोळ घडत नाही. तेलाचे धुके तापलेल्या झडपेवर बसते, करपते आणि काजळीचा थर चढत जातो. न घासलेल्या तव्याच्या कडेला चढतो तसाच.

शर्यतीच्या गाडीत तर वळणेच तेलाला वर चढवतात. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाची गाडी ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे असे समजा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ४०० भागिले ४०. त्वरण आले सेकंदाला सेकंदाला १० मीटर, जवळपास गुरुत्वत्वरणाएवढेच! एक ओढ खाली, तेवढीच दुसरी बाजूला. तेव्हा पेटीतल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. उच्छ्वासाची नळी नेमकी त्या बाजूला असेल, तर धुक्याऐवजी तेलच नळीत शिरते.

ते रस्त्यावर पडले, तर मागून येणारी गाडी घसरलीच म्हणून समजा. म्हणूनच जागतिक मोटारशर्यत संघटनेच्या नियमांत, उच्छ्वासनळी उघडी असेल तर ती डब्यात सोडावी आणि २००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या एंजिनाला हा डबा किमान दोन लिटरांचा, त्याहून मोठ्या एंजिनाला तीन लिटरांचा असावा, असे बंधन आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाड्या बनवून 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धांत उतरतात. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'ओरायन रेसिंग इंडिया' हा आपल्याकडील असाच एक संघ. या स्पर्धांच्या नियमांतही पकडडबा हवाच. किमान ९०० मिलिलिटरांचा, किंवा एंजिनातील तेलाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, यांपैकी जो मोठा तो.

डबा थेंब कसे पकडतो?

आता मुख्य प्रश्न. वायू जाऊ द्यायचा आणि त्यात तरंगणारे थेंब तेवढे अडवायचे, हे कसे जमते?

प्रथम वाटते, की नळीतून वायू मोठ्या डब्यात आला की मंदावेल आणि थेंब आपोआप तळाशी बसतील. हिशेब करून पाहू. आपला १८ लिटर वायू १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला सुमारे १७० सेंटिमीटर वेगाने येतो. डब्याचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणजे पाचपट, क्षेत्रफळ पंचवीसपट. वेग घसरून सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर होतो. डबा १५ सेंटिमीटर उंच असेल, तर वायू त्यात दोनेक सेकंद थांबला.

थेंबांना एवढा अवधी पुरेल काय? धुक्यातील थेंब काही मायक्रॉनांचे व त्याहूनही लहान असतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) हवेचा विरोध लक्षात घेता १० मायक्रॉनचा तेलाचा थेंब सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर पडतो. १ मायक्रॉनचा थेंब त्याच्या शंभराव्या हिश्श्याने पडतो. त्याला दहा सेंटिमीटर उतरायला सुमारे एक तास लागेल, आणि आपण देतो दोन सेकंद! म्हणजे बाजारात मिळणारा नुसता पोकळ, चकचकीत डबा नळीत वाहून आलेले जाडे तेल तेवढे पकडतो. धुके बहुतांशी तसेच पुढे निघून जाते.

मग युक्ती काय? येथे न्यूटनचा पहिला नियम मदतीला येतो. एसटी अचानक वळली की उभा असलेला प्रवासी सरळ जाऊ पाहतो आणि खिडकीच्या बाजूवर आदळतो. डब्यात वायूला असेच एकदम वळायला लावतात. बारीक भोकांतून त्याला जोराने एका पत्र्यावर सोडतात. वायू पत्र्याशी वळून निघून जातो. जड थेंबांना मात्र इतक्या झटकन वळणे जमत नाही. ते पत्र्यावर आपटतात, चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ओघळून तळाशी जमतात.

थेंब वळणावर किती अंतर 'सरळ' जाईल, हे त्याचे वस्तुमान व हवेचा अडथळा यांच्या भांडणावर ठरते. वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. इतक्या बारीक थेंबाला होणारा अडथळा नुसत्या व्यासाच्या प्रमाणात. म्हणून हे अंतर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येते. दोन मिलिमीटरांची दहा भोके ठेवली, तर आपला वायू त्यांतून सेकंदाला सुमारे साडेनऊ मीटर वेगाने निघेल. अशा वेळी १० मायक्रॉनचा थेंब पावणेतीन मिलिमीटर सरळ जातो व हमखास आपटतो. १ मायक्रॉनचा थेंब मिलिमीटरचे तीन शतांशसुद्धा जात नाही. तो वायूबरोबर वळून निसटतो.

मग भोके आणखी बारीक करून वेग वाढवावा काय? त्याची किंमत मोजावी लागते. साडेनऊ मीटर वेग देण्यासाठी सुमारे ५४ पास्कल, म्हणजे साडेपाच मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब खर्च होतो. वेग दुप्पट केला की हा दाब चौपट. तेवढा दाब पेटीत साठणार आणि ज्यासाठी उच्छ्वासाची वाट केली, तो हेतूच बुडणार. म्हणून चांगल्या डब्यात बेताची भोके, आपटण्याचा पत्रा आणि त्यापुढे बारीक तारांची जाळी असते. जाळीतल्या असंख्य तारांना वळसे घालताना आणखी काही थेंब चिकटतात. डबा एंजिनापासून जरा दूर, वाऱ्याच्या बाजूला लावतात, म्हणजे थंड धातूवर पाण्याची व पेट्रोलची वाफही द्रव होते. कढईवर धरलेल्या झाकणाला आतून थेंब लागतात तसेच. माझ्या विद्यार्थ्याच्या पेल्यातला 'चहा' दुधाळ दिसत होता, तो तेलात पाणी असे बारीक विखुरल्यामुळे.

घरी करून पहा

तळाचा भाग कापलेल्या दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. एकीत भांडी घासायची तारेची घासणी पसरून बसवा, दुसरी रिकामी ठेवा. कोरड्या कागदावर शाईच्या पेनाने ठिपके काढा. इस्त्रीसाठी पाणी मारायच्या फवाऱ्याने बाटलीच्या कापलेल्या बाजूने सारखेच पाच फवारे मारा व तोंडाशी कागद धरा. कोणत्या कागदावरचे ठिपके जास्त फुटले? त्यानंतर वडीलधाऱ्यांच्या देखत फवाऱ्याऐवजी उदबत्तीचा धूर हलकेच फुंकून पाहा. घासणीतून तो जवळजवळ तसाच निघून जाईल. धुराचे कण १ मायक्रॉनहूनही लहान असतात. व्यासाच्या वर्गाचा नियम तुम्हांला डोळ्यांनी दिसला!

शिक्षकांनी वर्गात हाच प्रयोग घासणीचे एक, दोन, तीन थर घेऊन करवून घ्यावा आणि थर वाढवताना फुंकायला किती जोर लागतो, याकडेही मुलांचे लक्ष वेधावे.

प्रत्येक गाडीला हा डबा हवा का?

नाही. कड्या शाबूत असलेल्या, रोज स्टेशनला जाणाऱ्या गाडीला कारखान्यातली व्यवस्था पुरेशी आहे. कड्या झिजून ब्लो-बाय वाढला असेल, तर डबा लावणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे होय. छप्पर दुरुस्त होत नाही. डबा वेळच्या वेळी रिकामा केला नाही, तर तो भरतो, जाळी तुंबते आणि पेटीतला दाब वाढतो. काही हौशी मंडळी डब्याची दुसरी नळी एंजिनाला न जोडता हवेत मोकळी सोडतात. रस्त्यावरच्या गाडीत असे करणे नियमाविरुद्ध आहे, आणि विज्ञानाच्या दृष्टीने ते साठ वर्षे मागे जाणे आहे. कारण डबा थेंब पकडतो. वायू पकडत नाही.

डब्यातले जाते कोठे?

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे वळू. वर सांगितलेल्या गोष्टी ओळीने मांडून पाहा. आधी ही घाण रस्त्यावर जात होती. मग ती एंजिनाला गिळायला लावली. आता आपण ती डब्यात धरली. तिन्ही वेळा तिची जागा बदलली. जळाला त्या भागाचे निदान रूप पालटले. डब्यातली घाण मात्र जशीच्या तशी आपल्यापुढे आहे. वस्तू नाहीशी होत नाही, हे आपण शाळेत शिकतो आणि गटारापाशी विसरतो.

पेल्यात १०० मिलिलिटर द्रव होता. त्यातले निम्मे तेल धरू. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दाखवणारा तेलाचा पापुद्रा मिलिमीटरच्या तीन दशसहस्रांशाएवढा जाड असतो. ५० मिलिलिटर तेल तेवढे पातळ पसरले, तर सुमारे १६५ चौरस मीटर पाणी झाकले जाईल. अर्ध्या टेनिसच्या मैदानापेक्षा जास्त. आणि हे एका गाडीच्या एका डब्यातून!

आमच्या गावात गटारे कोठे जातात, हे आम्हांला ठाऊक आहे. काकोळ्याच्या डोंगराकडून येणारी वालधुनी अंबरनाथच्या शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते. तिच्या पात्रात टाकलेल्या रसायनांच्या वायूने २०१४ साली अनेक रहिवाशांना इस्पितळ गाठावे लागले होते. खेमाणी नाला उल्हास नदीला मिळतो, आणि त्याच नदीतून शहाडजवळ पाणी उचलून ते ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर येथील लोकांना पुरवले जाते. समोरच्या गटारात ओतलेला पेला कोणाच्या तरी पेल्याच्या वाटेवर असतो.

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या पिंपात साठवून, परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. तेथे त्यातील पाणी व गाळ काढून पुन्हा वंगण बनवता येते. माझ्या विद्यार्थ्याने गॅरेजच्या कोपऱ्यातल्या पिंपाचे झाकण काढले आणि पेला त्यात रिकामा केला. मग हात पुसत म्हणाला, "सर, सगळं पकडलं म्हणायचं का आता?"

"नाही रे," मी म्हणालो, "हे पीप कुठं जातं, ते विचारल्याशिवाय नाही."

त्याने मालकाला विचारले. तुमच्या घरच्या स्कूटरचे किंवा मोटारीचे तेल बदलले जाईल, तेव्हा तुम्हीही विचारा.

विचार करा

१. गाडी ताशी ७२ ऐवजी ३६ किलोमीटर वेगाने त्याच वळणावर गेली, तर पेटीतले तेल किती अंशांनी कलेल? (उत्तर : सुमारे १४ अंश)

२. ५ मायक्रॉनचा थेंब डब्यातील पत्र्याशी किती अंतर सरळ जाईल? (उत्तर : १० मायक्रॉनच्या थेंबाच्या चौथ्या हिश्श्याएवढे, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर)

३. पावसाळ्यात, आणि थोड्या थोड्या अंतरासाठी गाडी वापरली असता, डब्यात पाणी जास्त का जमते? याचे उत्तर मात्र तुमचे तुम्हीच शोधा.